मदत हवी आहे : नाताळबद्दल पाच मिनिटं बोलायचंय
आमच्या मालाडच्या सोसायटीत २५ डिसेंबरला छोटा प्रोग्राम आहे, आणि बिल्डिंगमध्ये आम्हीच ख्रिश्चन म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलंय. सांता, केक सगळ्यांना माहितीये, मला आतलं सांगायचंय, म्हणजे देव माणूस होऊन आला तोही गव्हाणीत, नि पहिली बातमी मेंढपाळांना, राजवाड्यात नाही. अडलंय ते बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांनी आणलेल्या भेटवस्तूंपाशी. सोनं राजासाठी, ऊद देवासाठी, ठीक. पण गंधरस, म्हणजे तेव्हा प्रेतालाही लावायचे तो सुगंधी डिंक? बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या दफनालाही तोच आणलाय. बाळाच्या जन्मदिवशी मरणाचं बोलू का, शेजारच्या काकू म्हणतील शुभ दिवशी काय हे! गाळलं तर मला अर्धवट वाटतं. संडे स्कूल घेणाऱ्यांनो, लहान मुलांना हे कसं सांगता?