फवारणीला किटची सक्ती हवी की नको?

पऱ्हाटीवाला: 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेनं 20 हून जास्त जीव गेले. तेव्हापासून दर खरिपात किटवाटपाचे फोटो झळकतात. किट म्हणजे काय, तर पातळ प्लास्टिकचा झगा, धुळीचा मास्क अन् ढगळ मोजे. सप्टेंबरच्या दमट उकाड्यात त्यावर 16 लिटरचा पंप चढवा. झगा थोड्याच वेळात बांधावर पडतो. त्यापेक्षा जाड सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे अन् टोपी पुरे. सक्ती नकोच.

नोझल: सुती कापड औषध अडवत नाही, पिऊन घेतं. ओला शर्ट अंगाला चिकटला की औषध कातडीतून मुरत राहतं. त्यात कातडी सगळीकडे सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावर मोजमाप झालेलं आहे: कोपराखालच्या हातापेक्षा कपाळातून साधारण चौपट, अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ बारापट शोषण. पंपाचं झाकण गळलं की ओघळ पाठीवरून नेमका तिथंच उतरतो.

पऱ्हाटीवाला: मग झाकणाचा वायसर बदला! सुती कपड्यांवर, पंपाखाली पाठीपासून मांड्यांपर्यंत जाड पॉलिथिन बांधा. बाकी अंगाला वारा लागू द्या. उष्माघातानं कोसळलेल्याला किट काय कामाचं?

घरधनीण: पॉलिथिनचं पटलं. पण सगळ्यात घातक वेळ औषध मिसळायची, अन् तेव्हाच हात उघडे. मोजे नायट्राइल रबराचेच हवेत, कापडी नकोत. पऱ्हाटी (कपाशी) डोक्याएवढी झाली की नळी वर धरावी लागते, तेव्हा मोजा बाहीवरून चढवून कड बाहेर दुमडायची. नाहीतर ओघळ कोपरापर्यंत. खाली फवारताना उलट, बाही मोज्यावर. पँट गमबुटाच्या बाहेर. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही, वर भिजला की औषधच नाकाशी धरतो.

आणि ते कपडे धुतं कोण? घरातली बाई, उघड्या हातांनी, पोरांच्या कपड्यांसोबत. वेगळी बादली, हातात मोजे, आधी दोनदा नुसत्या पाण्यात खळबळणं, मग गरम पाणी-पावडर. पाणी न मिसळलेलं मूळ औषध सांडलं असेल तर तो शर्ट धुवायचाच नाही, टाकायचा.

नोझल: म्हणूनच सक्ती हवी, पण मजुरावर नाही, मालकावर. मोजे, गॉगल दिल्याशिवाय पंप हाती देऊ नये.

पऱ्हाटीवाला: दोन एकरवाला स्वतःच मालक, स्वतःच मजूर. त्याच्यावर सक्ती कोण करणार?

नोझल: दुकानदारानं करावी. लाल त्रिकोणाच्या, म्हणजे अतिविषारी औषधाच्या डब्याबरोबर मोजे घेतल्याशिवाय बिलच फाडायचं नाही.

पऱ्हाटीवाला: उधारीवर औषध देणारा दुकानदार अन् ही अट? अवघड आहे.