मांडव्याचा गाळ: खर्च कोणी उचलायचा?

सासवणेकर: पावसाळा सरला की अलिबागजवळच्या मांडवा जेट्टीचा गाळ काढायचा विषय निघतो आणि बिल फाडलं जातं राज्याच्या मेरीटाईम बोर्डाच्या, म्हणजे आपल्याच नावावर. न्हावा-शेवा बंदरात येणारं जहाज पोर्ट ड्यूज, म्हणजे बंदर शुल्क, भरतं. मग शनिवार-रविवार बंगल्यावर येणाऱ्या स्पीडबोटवाल्याला खोल पाणी फुकट का? गडचिरोलीच्या माणसाने त्याच्यासाठी कर भरायचा?

रोजचा_प्रवासी: गडचिरोलीवाल्याला कशाला मधे ओढता? समृद्धी महामार्ग काय अलिबागकरांसाठी बांधला? मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो (गाड्या नेणारी बोट) सुरू झाली, म्हणून पेशंट गाडीसकट मुंबईला नेता येतो. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात तेव्हा तर दुसरं आहे काय? रस्त्याने जाताना वडखळचं ट्रॅफिक?

सासवणेकर: समृद्धीला टोल आहे, साहेब.

गाळमापे: दोघांनीही आधी गाळ का साचतो ते बघा. पाताळगंगा आणि अंबा धरमतर खाडीत चिखल आणून ओततात. उधाणाला इथे भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, त्यामुळे तो चिखल सतत आत-बाहेर फिरत राहतो. लाटा अडवायला आपण ब्रेकवॉटर बांधलं. त्याच्या आड पाणी संथ झालं की चिखल तळाला बसणारच. म्हणजे हा खर्च कायमचा आहे, दरवेळी 'विशेष बाब' म्हणून निधी मागणं हा निव्वळ देखावा. आणि स्पीडबोटीला मीटरभर पाणी पुरतं हो! जास्त खोली लागते ती रो-रोला. वापरणाऱ्याने भरायचं ठरवलं, तर मोठं बिल बंगलेवाल्याला नाही, पेशंटच्या गाडीला जाईल.

बोडणीचा_नाखवा: पैशावर भांडताय, पण काढलेला गाळ टाकणार कुठे? जवळ टाकलात तर भरतीला परत आत, नाहीतर आमच्या डोल जाळ्यात. लांब नेऊन टाकायचा तर डिझेल लागतं, ते अंदाजपत्रकात धरलंय का?

सासवणेकर: नाखवा, हे पटलं. लांब टाकायचा खर्चही धरा. पण मूळ मागणी सोडत नाही: बोटीच्या लांबीवर आणि ड्राफ्टवर (बोट पाण्यात किती खोल बुडते त्यावर) वार्षिक शुल्क लावा, मासेमारीच्या होड्यांना माफी.

रोजचा_प्रवासी: बोर्डाचा प्रवासी कर आम्ही तिकिटात आधीच भरतोय. त्यातून मांडव्याला किती जमलं आणि गाळावर किती गेलं, ते बोर्डाने छापावं. तोवर तिकिटाला हात लावू देणार नाही. यॉटवाल्यांकडून खुशाल घ्या.