अलगीकरण की विलगीकरण? कूळ की भूदास?

प्रश्न : १३४७ नंतर युरोपात पसरलेल्या प्लेगवर मराठीत लिहिते आहे. दोन ठिकाणी अडले. ‘क्वारंटाइन’ला विलगीकरण म्हणावं की अलगीकरण? करोनात दोन्हींची सरमिसळ झाली होती. आणि इंग्लंडमधल्या ‘व्हिलेन’ शेतकऱ्याला ‘कूळ’ चालेल का?

— अलगीकरणच. विलगीकरण आजाऱ्याचं, अलगीकरण धडधाकट दिसणाऱ्याचं, केवळ तो साथीच्या मुलखातून आला म्हणून. व्हेनिसने तर दोघांसाठी दोन बेटं ठेवली होती : १४२३ पासून लाझारेत्तो वेक्यो रोग्यांसाठी, १४६८ पासून लाझारेत्तो नुओव्हो संशयित जहाजांवरची माणसं नि माल यांच्यासाठी. मूळ शब्दाचा अर्थ चाळीस दिवस, पण सुरुवातीची मुदत कमी होती. रागुसा म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक. तिथल्या महापरिषदेने १३७७ मध्ये ठरवलं, की साथीच्या भागातून येणाऱ्याने आधी म्रकान बेटावर किंवा त्सावतातला महिनाभर राहायचं, मगच शहरात यायचं.

प्लेगचा जंतू सापडला थेट १८९४ मध्ये. म्हणजे रोग कशाने होतो हे कुणालाच ठाऊक नसताना या नगरराज्यांनी ठणठणीत, पैसेवाल्या व्यापाऱ्यालाही वेशीबाहेर थोपवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. हा केवढा मोठा बदल! १३४८ मध्ये व्हेनिसने साथीकडे बघायला तीन जाणत्यांना तात्पुरतं नेमलं होतं. १४८६ पर्यंत आरोग्याचं कायमचं खातं उभं राहिलं. म्हणून ‘वेगळं ठेवलं’ एवढ्यावर थांबू नका, ‘अडवून ठेवलं’ लिहा.

— कूळ नको, निदान साथीच्या आधीच्या काळासाठी नको. कूळ खंड भरतं, जमीन सोडूनही जाऊ शकतं. व्हिलेनला मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. ‘भूदास’ बरोबर. ‘वेठबिगार’मध्ये फुकटचं राबणं येतं, जमिनीशी बांधलेपण येत नाही. प्लेगनंतर राबायला माणसंच उरली नाहीत, मजुरी चढली. १३८१ च्या इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांच्या बंडात भूदासपण रद्द करा ही मागणी होती. बंड चिरडलं गेलं, तरी पुढच्या शतकात वेठीऐवजी रोख खंड रुळत गेला. तिथून पुढे ‘कूळ’ बिनदिक्कत वापरा.

प्रश्न : मग इंग्लंडमधला १३५१ चा तो कायदा, ‘स्टॅच्यूट ऑफ लेबरर्स’, त्याला ‘कामगार कायदा’ म्हणू?

— ‘मजुरी-नियंत्रण कायदा’ म्हणा. ‘कामगार कायदा’ म्हटलं की आपल्याला तो कामगाराच्या बाजूचा वाटतो. यात मजुरी साथीपूर्वीच्या दरावर बांधली होती, आणि न जुमानणाऱ्याला खोड्यात अडकवायचीही तरतूद होती.