मदत हवी आहे: आयटी नियमांखालच्या तक्रारीला उत्तर देणं बंधनकारक आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं तालुक्याच्या गावी बातम्यांची छोटी वेबसाइट चालवतो. विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेवर व्यंगचित्र टाकलं होतं: भिंतीएवढे स्पीकर आणि कानात बोटं घालून बसलेले बाप्पा. एका मंडळाचा ईमेल आला, 'सामाजिक मूल्यांना धक्का, २०२१ च्या आयटी नियमांतल्या आचारसंहितेचा भंग, १५ दिवसांत काढा.' (आवाजाबद्दल अवाक्षर नाही!)

पोच दिली आहे, चित्र काढलेलं नाही. पोलिसांत तक्रार झालेली नाही. आयटी कायद्याचं कलम ६६अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा) २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या श्रेया सिंघल निकालाने रद्द झालं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ला (धार्मिक भावना दुखावणं) दुष्ट हेतू लागतो, इतपत माहीत आहे. अडलंय आयटी नियमांतल्या नियम ९ पाशी. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये ९(१) (प्रकाशकाने आचारसंहिता पाळणं) आणि ९(३) (तक्रारींसाठी तीन स्तरांची यंत्रणा) ला स्थगिती दिली, पण तक्रार निवारणाचे पुढचे नियम कागदावर तसेच दिसतात. ओळखीचे वकील जमिनीचे दावे बघतात, त्यांनी हात वर केले.

आम्ही कुठल्याच स्वनियमन संस्थेत (तक्रारी ऐकणाऱ्या प्रकाशकांच्या संघटनेत) नाही. 'माफी मागून मोकळे व्हा' हा सल्ला घरून मिळालाय. तर या स्थगितीनंतर १५ दिवसांत निर्णय कळवायचं बंधन आमच्यासारख्या प्रकाशकावर उरतं का, आणि उत्तरात स्थगितीचा उल्लेख करावा की फक्त संपादकीय कारण द्यावं?