मदत हवी आहे: एकच व्हिनेगर, दोन दर्शक, दोन वेगळी उत्तरं. चूक कुणाची?

शाईचा_डाग

नमस्कार मंडळी. मी मूळची गणिताची. विज्ञानाच्या बाई लांब रजेवर गेल्या आणि आम्ल-आम्लारीचं प्रात्यक्षिक माझ्या गळ्यात पडलं. मुलांसमोर फजिती नको म्हणून शाळा सुटल्यावर एकटीच करून बघतेय, तर फजिती आधीच झाली.

व्हिनेगरच्या बाटलीवर ५ टक्के ॲसेटिक आम्ल लिहिलंय. ते दहापट पातळ केलं, पिपेटने २५ मिली शंकुपात्रात घेतलं आणि ब्युरेटमध्ये (तोटीच्या मोजनळीत) ०.१ मोलर कॉस्टिक सोडा भरला. दर्शक म्हणून, म्हणजे रंग बदलून खूण द्यायला, फिनॉल्फ्थॅलिन घातलं तर २०.८ मिलीला गुलाबी रंग आला. तीनदा केलं, तिन्ही वेळा एक-दोन थेंबांचाच फरक.

मग मिथिल ऑरेंज घालून तेच केलं. ६ मिलीच्या आसपासच पिवळं! बरं, नक्की कधी झालं हेही सांगता येत नाही. लाल, मग नारिंगी, मग जरा फिकट नारिंगी, असं रेंगाळत गेलं. गणित मांडलं तर आम्ल जेमतेम दीड टक्का भरतं. दोघांतला एक खोटं बोलतोय.

आणखी दोन कोडी. खायच्या सोड्याच्या पाण्यात लाल लिटमस निळा होतो, पण फिनॉल्फ्थॅलिन ढिम्म, रंगच नाही. आणि पहिल्या प्रयोगातलं गुलाबी झालेलं शंकुपात्र तसंच ठेवून तासाला गेले, परत येऊन बघते तर पाण्यासारखं स्वच्छ. फिनॉल्फ्थॅलिनची बाटली जुनी आहे, ती खराब झाली असेल का?

घाईगर्दी

बाटली फेका, नवी आणा. जुन्या रसायनांवर वेळ घालवू नये.

जुनी_प्रयोगशाळा

घाईगर्दी, थांबा हो. ज्या बाटलीने तीनदा २०.८ दिलं ती खराब कशी? आणि २०.८ मांडून बघा, बरोबर ५ टक्केच येतात. बाटलीवर छापलंय तेच. ताई, तुमचा हात चांगला आहे, दर्शक चुकीचा निवडलात.

दर्शक 'आम्ल संपलं' असं कधीच सांगत नाही. पीएच म्हणजे द्रावण किती आम्ल वा आम्लारिधर्मी ते सांगणारा आकडा: ७ उदासीन, खाली आम्ल, वर आम्लारी. त्याच्या एका ठरावीक पट्ट्यात दर्शक रंग बदलतो, एवढंच त्याचं काम. मिथिल ऑरेंजचा पट्टा ३.१ ते ४.४, फिनॉल्फ्थॅलिनचा साधारण ८.२ ते १०. आता तुमचं ॲसेटिक आम्ल सौम्य. तुमच्या पातळ द्रावणाचा पीएच सुरुवातीलाच २.९ च्या आसपास असतो. कॉस्टिक सोडा पडायला लागला की तो वर सरकतो आणि जेमतेम तीस टक्के आम्ल मारलं गेलं की ४.४ वर पोचतो. २०.८ चे तीस टक्के किती? सव्वासहा. तुमचं मिथिल ऑरेंज अगदी प्रामाणिक होतं, फक्त भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होतं.

रेंगाळण्याचं कारणही तेच. त्या टप्प्यात पीएच मुंगीच्या पावलांनी चढतो, त्यामुळे रंगही तसाच बदलतो. खरी उडी अखेरीस. आम्ल आणि आम्लारी समसमान होतात तिथे या जोडीचा पीएच ७ नसतो, ८.७ च्या आसपास असतो, कारण तयार झालेलं सोडियम ॲसिटेट स्वतःच किंचित आम्लारिधर्मी. तिथे एका थेंबात पीएच एकाहून जास्त अंकांनी उडतो आणि फिनॉल्फ्थॅलिन नेमकं त्या उडीत बसतं.

शाईचा_डाग

अरे देवा. म्हणजे आलेखाचा चढ जिथे सर्वात तीव्र, तिथे पट्टा पडणारा दर्शक घ्यायचा. हे असं कुणी सांगितलं असतं तर पाठ करावंच लागलं नसतं! पण मग खायचा सोडा?

तळटीप

खायच्या सोड्याच्या द्रावणाचा पीएच ८.३ च्या घरात. लाल लिटमस निळा व्हायला तेवढा पुरतो, पण फिनॉल्फ्थॅलिन तिथे जेमतेम उंबरठ्यावर. फार तर पुसट छटा दिसेल. 'रंगहीन म्हणजे आम्ल किंवा उदासीन' असं मुलांना लिहून देऊ नका, तिथेच घोटाळा होतो.

एक गंमत करा. तेच रंगहीन द्रावण काही मिनिटं उकळा आणि बघत राहा. मग थंड करून त्यात थोडं सोडावॉटर ओता. तुमचं तिसरं कोडं त्यातच सुटेल.

(अवांतर: रॉबर्ट बॉइलने १६६४ मध्ये व्हायोलेट फुलांच्या रसाबद्दल लिहून ठेवलंय, आम्लात लाल, आम्लारीत हिरवा. पीएच ही मोजपट्टी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसनने आणली १९०९ मध्ये. मधली अडीचशे वर्षं लोक नुसत्या रंगावर काम भागवत होते.)

घाईगर्दी

बाटली फेकू नका, माझे शब्द मागे. पण हळद का नाही वापरत? ती तर सोपी.

जुनी_प्रयोगशाळा

हळदीला आम्ल आणि साधं पाणी यांतला फरक कळत नाही, दोन्हीकडे पिवळीच. आम्लारीत मात्र तांबूस होते. चाखून बघायला न लावता काहीतरी सांगते एवढं खरं, पण अनुमापनात, म्हणजे तुम्ही करताय तशा थेंबाथेंबाच्या मोजणीत, तिचा उपयोग नाही.

ताई, दोन सूचना. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीनच थेंब घाला. ते अल्कोहोलमध्ये केलेलं असतं, जास्त पडलं तर पाण्यात पांढुरकं गढूळ होतं. आणि पात्राखाली पांढरा कागद ठेवा. गडद गुलाबी झालं म्हणजे थेंब पुढे गेले. अगदी फिकट, हलवूनही अर्धा मिनिट टिकणारी छटा हाच शेवट समजा. कॉस्टिक सोड्याशी काम करताना सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा हवा, मुलं कंटाळली तरी.

शाईचा_डाग

आज करून आले. खायच्या सोड्याचं पाणी उकळायला लागलं, बुडबुडे वाढले आणि आधी कडेने, मग सगळीकडे गुलाबी! एक थेंबही वरून न घालता. कार्बन डायऑक्साइड उडून गेला आणि मागे धुण्याच्या सोड्यातलं कार्बोनेट तयार झालं, असं ना? थंड करून सोडावॉटर ओतलं तर रंग गेला. म्हणजे परवाचं शंकुपात्रही हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून निवळलं होतं.

एकच विचारायचं राहिलं. मिथिल ऑरेंजची भरलेली बाटली पडून आहे. ती कशाला वापरू?

तळटीप

अगदी बरोबर. मिथिल ऑरेंजसाठी ते धुण्याच्या सोड्याचं द्रावण आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. तीव्र आम्ल, सौम्य आम्लारी, तिथे ते चोख चालतं. आधी फिनॉल्फ्थॅलिन घालून गुलाबी जाईपर्यंत आम्ल टाका, आकडा लिहा, मग त्याच पात्रात मिथिल ऑरेंज घालून पुढे चला. दुसरा आकडा पहिल्याइतकाच येतो का बघा.

शाईचा_डाग

उद्या मधल्या सुट्टीत करते. का तसा येतो ते आत्ता सांगू नका.