प्रोसेसरचा ‘ड्रायव्हर’ : चालक, दुभाष्या की माहूत?

प्रश्न
आईच्या लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली हार्डवेअरची यादी) उघडला. ‘प्रोसेसर्स’खाली एकाच नावाच्या आठ ओळी, आणि प्रत्येकीच्या ड्रायव्हरची (तो भाग विंडोजशी जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) तारीख २१ एप्रिल २००९! लॅपटॉप तर तीन वर्षांपूर्वीचा. ‘चालक जुना झालाय’ असं आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “मग इतके दिवस चालवत कोण होतं?” ड्रायव्हरला मराठीत नेमकं काय म्हणावं?

उत्तर
आईंनी बरोबर दुखरी जागा पकडली. ‘चालक’ शब्द इथे दिशाभूल करतो. चालकाशिवाय एसटी हलत नाही. प्रोसेसर मात्र विंडोज सुरू होण्याआधीच, बटण दाबल्याबरोबर बायोसच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या, आतच बसवलेल्या प्रोग्रॅमच्या) आज्ञा पाळू लागतो.

प्रिंटर, वायफाय, ग्राफिक्स कार्ड यांची गोष्ट वेगळी. प्रत्येकाची बोली निराळी, म्हणून विंडोजला मध्ये कोणीतरी लागतो. तिथे मी ‘दुभाष्या’ म्हणतो. नवा प्रिंटर आणला की त्याचा दुभाष्याही आणावा लागतो, हे घरात कोणालाही समजतं.

प्रोसेसरला दुभाष्या लागत नाही, कारण विंडोज चालते तीच मुळी त्याच्या भाषेत. तुम्हाला दिसलेली फाइल ‘इंटेलपीपीएम’ किंवा ‘एएमडीपीपीएम’ असणार. पीपीएम म्हणजे प्रोसेसरच्या वीजवापराचं व्यवस्थापन : काम नसलं की कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे स्वतंत्र भाग) झोपवायचे, काम आलं की वेग वाढवायला सांगायचं. हत्ती आपल्याच पायांनी चालतो, पण कधी थांबायचं आणि कधी झपझप जायचं ते माहूत सांगतो. म्हणून इथे मला ‘माहूत’ हाच शब्द पटतो.

आठ ओळी म्हणजे आठ प्रोसेसर नव्हेत. चार कोअर आणि प्रत्येकात दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) असले तरी आठच दिसतात. तारखेचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्ट आपल्या ड्रायव्हरांवर मुद्दाम जुनी तारीख ठेवते, म्हणजे हार्डवेअर बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर आला की तोच नवा ठरतो. तारीख सोडा, आवृत्तीचा क्रमांक पाहा. तो विंडोजबरोबर बदलतो.

प्रश्नकर्ता
‘माहूत’ आईला लगेच कळला! मग अपडेट काहीच करायचं नाही?

उत्तर
माहूत विंडोज अपडेटमधूनच येतो, त्याला वेगळं शोधू नका. चिपसेटचा (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपांचा) ड्रायव्हर मात्र लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांच्या नादी कृपा करून लागू नका. अशाच एकाने माझ्याकडे चुकीचा दुभाष्या बसवला आणि वायफाय दोन दिवस बंद राहिलं.

खुद्द प्रोसेसरच्या आतलं जे बदलतं ते मायक्रोकोड, म्हणजे आज्ञा कशा पार पाडायच्या ते सांगणाऱ्या त्याच्या आतल्या सूचना. त्याची नवी आवृत्ती बायोस किंवा विंडोज दर वेळी सुरू होताना प्रोसेसरमध्ये भरतं. वीज गेली की ती पुसली जाते. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरांमधले सुरक्षेचे दोष जाहीर झाले, तेव्हा स्पेक्टरच्या एका प्रकारावर नवं मायक्रोकोड द्यावं लागलं होतं. म्हणून बायोसचं अपडेट टाळू नका, फक्त ते चालू असताना चार्जर काढू नका. मायक्रोकोडला ‘सूक्ष्मसंकेत’ म्हणतात खरं, पण ‘संकेत’ म्हटलं की मराठी माणसाला इशारा किंवा प्रथा आठवते. मी मायक्रोकोडच म्हणतो.

आणखी एक
अपडेटसाठी बरेच जण ‘अद्यावत’ लिहितात. शब्द ‘अद्ययावत’ आहे : अद्य म्हणजे आज, यावत् म्हणजे पर्यंत. बोलताना मधला ‘य’ गळतो, लिहिताना गाळू नये. ‘अद्यतन’ म्हणजे आजचा. तोही चालतो, पण ‘ड्रायव्हर अद्ययावत केला’ हे माझ्या कानाला सरळ वाटतं.