गाडीचा सायलेन्सर अचानक फाटल्यासारखा वाजतोय, मदत हवी आहे

पेट्रोल गाडी. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पुढून टकटक येते, गरम झाल्यावर जवळजवळ थांबते. म्हणजे मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पहिला पाइप) गॅस्केट (जोडातली सील) गेलंय का? पण ॲक्सिलरेटर दाबला की खालून भसाडा आवाज येतोच. इंजिन थंड असतानाच टेलपाइपवर जाड फडकं क्षणभर दाबून बघितलं, तर मधल्या फ्लँजच्या (पाइपांची बोल्टने जोडायची कडा) जोडापाशी फुसफुस ऐकू आली. तिथे काजळीही आहे.

मेकॅनिक म्हणतो धुराच्या पाइपांची अख्खी लाइन बदला (त्याचं नेहमीचंच). नुसतं गॅस्केट आणि नवे बोल्ट टाकून भागेल? गंजलेल्या पाइपवर वेल्डिंग टिकतं का, की शेजारीच नवं भोक पडतं? कार्बन मोनॉक्साइड आत यायची भीती वाटते, म्हणून तूर्त मुलांना गाडीत बसवत नाहीये.